बाजू कोणती हे विचाराच. पण त्या बाजूत कोण कोण आहे, हेही विचारा

"बाबांनो, दीक्षाभूमीच्या कार्यक्रमात हे सैतानाचे ओरडणे नको. भीमगीते म्हणा, कव्वाली म्हणा. हा गोंगाट आपला नाही."

१६ ऑक्टोबरच्या कार्यक्रमाची बैठक चालू होती. १९५६ साली नागपूरनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, त्यामुळे आमच्या भागात या दिवसाचे मोल वेगळे सांगायला नको. आमच्या अभ्यासमंडळातल्या तीन पोरांनी गिटार आणि ड्रम घेऊन एक गाणे सादर करायची परवानगी मागितली होती. मोबाईलवर त्याचा नमुना ऐकून आमचे एक ज्येष्ठ काका वरचे वाक्य बोलले. काकांनी नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्ल्या आहेत, त्यांना उलट बोलण्याची कुणाची छाती नव्हती. पोरे मान खाली घालून बसली. आणि आम्ही, समाजशास्त्रात एम.ए. केलेले, 'संस्कृती आणि सत्ता' या विषयावर तासभर बोलू शकणारे, गप्प राहिलो.

हा लेख त्या गप्प बसण्याची भरपाई आहे. तो काकांसाठी आहे आणि पोरांसाठीही आहे. कारण त्या रात्री पोरांनी आम्हाला एक अल्बम ऐकायला लावला आणि त्यानंतर आमचे दोघांशीही भांडण सुरू झाले.

अल्बम कोणता?

बँडचे नाव 'पॅनॉप्टिकॉन'. बँड म्हणायचा, पण मुळात तो एका माणसाचा उद्योग आहे. ऑस्टिन लन हा अमेरिकन संगीतकार ड्रम, गिटार, बेस, बॅन्जो बहुतेक सगळे स्वतःच वाजवतो, पाहुण्या वादकांची थोडी मदत घेतो. पाठीशी कोणतीही बलाढ्य म्युझिक कंपनी नाही. समाजशास्त्र शिकलेल्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. पॅनॉप्टिकॉन म्हणजे बेंथमने कल्पिलेला तुरुंग, जिथे एक पहारेकरी सगळ्या कैद्यांवर नजर ठेवू शकतो आणि कैद्याला मात्र आपल्यावर नजर आहे की नाही हे कधीच कळत नाही. फुकोने याच तुरुंगावरून आधुनिक सत्तेची मांडणी केली. गावकुसाबाहेर वाढलेल्या माणसाला हा तुरुंग समजावून सांगायला फुको लागत नाही. कोण कुठल्या रस्त्याने गेला, कुणी पायात काय घातले, कुणी वरात कशी काढली, यावर गावाची नजर असतेच.

या बँडचा २०१२ सालचा अल्बम म्हणजे 'केंटकी'. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या कोळसापट्ट्याची ही कहाणी आहे. सुट्ट्या गाण्यांची ही माळ नव्हे. एकाच विषयावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत रचलेला हा कन्सेप्ट अल्बम आहे. आठ तुकडे आणि साधारण पन्नास मिनिटे. वसंतातल्या जंगलापासून सुरुवात होते. मग मूळनिवासी चेरोकींचे हत्याकांड, मग खाणकामगारांचे लढे, मग कोळशासाठी उडवून दिलेले डोंगरमाथे, मग काळे पडलेले पाणी आणि शेवटी पुन्हा ती भूमी. महाकाव्यात राजे असतात, युद्धे असतात. इथे राजा नाही. इथे नायक आहेत ते कोळशाने माखलेले मजूर, त्यांच्या बायका आणि तो डोंगर.

यातले संगीत ब्लॅक मेटल या प्रकारातले आहे. ज्यांनी ते ऐकले नाही त्यांच्यासाठी सांगतो: ड्रम श्वास न घेता धावतात, गिटारचा आवाज पावसाच्या सरीसारखा सलग कोसळतो आणि गायक गात नाही, किंचाळतो. शब्द कळत नाहीत, वेदना कळते. काकांना जे 'सैतानाचे ओरडणे' वाटले ते हेच.

काकांचा संशय अगदीच खोटा नाही

पोरांनो, आधी तुमच्याशी भांडतो. तुम्ही ज्या संगीताच्या प्रेमात आहात त्याचा इतिहास तुम्हाला माहीत असला पाहिजे.

'ब्लॅक मेटल' हे नाव इंग्लंडच्या 'व्हेनम' या बँडच्या १९८२ च्या अल्बमवरून रूढ झाले, पण आज ज्याला ब्लॅक मेटल म्हणतात ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत घडले. तिथल्या काही तरुणांनी चर्चच्या विरोधात बंड पुकारले. सैतानाची भाषा वापरली. १९९२ मध्ये बर्गनजवळचे फँटॉफ्टचे जुने लाकडी चर्च जळाले, पुढे आणखीही चर्च जाळली गेली. १९९३ मध्ये 'बुर्झुम'च्या वर्ग विकर्नेसने 'मेहेम'च्या गिटारवादकाचा खून केला आणि त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. हाच विकर्नेस पुढे वंशवादी विचार उघडपणे मांडू लागला. आज या संगीतात स्वतःला नाझी म्हणवून घेणाऱ्यांचा एक आख्खा गट आहे.

असे का झाले? आमच्या मते यात आपल्यासाठी मोठा धडा आहे. त्या पोरांनी देव नाकारला, पण समता स्वीकारली नाही. चर्च जाळून झाल्यावर त्या जागी काय उभे करायचे, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. मग त्यांच्यातल्या काहींनी पूर्वजांचे रक्त, प्राचीन वंश आणि गतवैभव यांची पूजा मांडली. ओळखीचे वाटते ना? आपल्याकडेही 'प्राचीन', 'शुद्ध', 'सनातन' म्हणत माणसाला रक्तावरून मोजणारे कमी नाहीत. धर्माविरुद्धचे बंड समतेच्या पायावर उभे नसेल तर ते फिरून वर्णवर्चस्वाच्याच दारात जाते. शिवाय जो सैतानाची पूजा करतो तो देवाच्याच अंगणात उभा असतो. फक्त तोंड उलटे केलेले असते. बाबासाहेबांनी देऊळ जाळले नाही आणि उलटे देऊळही बांधले नाही. ते त्या अंगणातून बाहेर पडले आणि लाखो माणसांना सोबत घेऊन बाहेर पडले. बंड आणि मुक्ती यांतला हा फरक आहे.

म्हणून काकांचा संशय झिडकारून चालणार नाही. कुठल्याही बँडचा टी-शर्ट अंगावर चढवण्याआधी तो बँड कुणाच्या बाजूचा आहे, हे तपासा. फक्त आवाज विद्रोही असून भागत नाही.

पण काका, प्रकार कुणाच्या मालकीचा नसतो

आता काकांशी भांडण. ज्या संगीताचा एक तुकडा नाझींनी बळकावला, तेच संगीत ऑस्टिन लनने उचलले आणि खाणकामगारांच्या हातात दिले. त्याची फॅसिझमविरोधी भूमिका सुरुवातीपासून उघड होती. 'केंटकी'च्या आदल्या वर्षी आलेला त्याचा अल्बम अमेरिकेतल्या समाजसेवा-व्यवस्थेच्या अपयशावर होता. आम्ही स्वतः समाजकार्याच्या क्षेत्रात असल्यामुळे तो ऐकताना आम्हाला घाम फुटला. अनुदानाच्या फायली आणि 'लाभार्थी' या शब्दाखाली माणूस कसा चिरडला जातो, हे आम्ही रोज पाहतो.

'केंटकी'मध्ये त्याने आणखी एक गोष्ट केली. आठ तुकड्यांपैकी किंचाळणारे मेटल आहे ते तीनच तुकड्यांत. बाकी ठिकाणी बॅन्जो, फिडल आणि लोकसंगीत आहे. यातली तीन गाणी त्याची नाहीतच. ती आहेत त्या कोळसापट्ट्यातल्या तीन बायकांची.

पहिली सारा ओगन गनिंग. खाणकामगाराची बायको. नवरा क्षयाने गेला, पोटचे पोर गेले, आणि तिने खाणकामगारांना हाक देणारे गाणे रचले. दुसरी फ्लॉरेन्स रीस. तिची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. १९३१ साली हार्लन परगण्यात खाणमालकांनी मजुरी दहा टक्क्यांनी कापली. मजूर तिथे कंपनीच्या घरात राहायचे, कंपनीच्या दुकानातून सामान घ्यायचे आणि पगारही पुष्कळदा कंपनीच्याच टोकनांत मिळायचा. युनियनमध्ये गेला की काम गेले, घर गेले, चूल विझली. ५ मे १९३१ रोजी एव्हर्ट्स गावाजवळ गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसे मेली. तिथला शेरीफ कायद्याचा रक्षक कमी आणि मालकांचा राखणदार जास्त होता. फ्लॉरेन्सचा नवरा सॅम युनियनचा संघटक. त्याला शोधत शेरीफची माणसे घरात घुसली, पोराबाळांसमोर घर उलथेपालथे केले. ती गेल्यावर फ्लॉरेन्सने भिंतीवरचे कॅलेंडर उतरवले आणि त्याच्या कागदावर गाणे लिहिले: 'विच साइड आर यू ऑन?' म्हणजे, तू कुणाच्या बाजूचा? चाल घेतली चर्चमधल्या एका जुन्या भजनाची. पुढे हे गाणे जगभरच्या संपांत गेले. १९७३ मध्ये हार्लनमध्ये पुन्हा संप पेटला, त्यावर बार्बरा कॉपलने 'हार्लन काउंटी यूएसए' हा माहितीपट केला. त्यात म्हातारी झालेली फ्लॉरेन्स पुन्हा उभी राहून तेच गाणे म्हणताना दिसते.

तिसरी जीन रिची. उघड्या खाणींनी डोंगर खरवडून काढल्यावर ओढ्यांचे पाणी कसे काळे झाले, हे तिने गाण्यात मांडले.

काका, भजनाची चाल घेऊन संपाचे गाणे केले, तेव्हा ती चाल देवाची राहिली का? आपल्या जलशांनी तरी काय केले? तमाशाचा बाज उचलला आणि त्यात भीमाचा विचार भरला. ज्या कव्वालीचा तुम्ही आग्रह धरता ती तरी आपल्या गावकुसातून आली का? ती सुफी दर्ग्यांमधून आली आणि आपण तिला निळा रंग दिला. जात्यावरच्या ओव्यांत आपल्या आयाबायांनी विठ्ठलाच्या शेजारी भीम आणून बसवला आणि पुढे विठ्ठलाला उठवलेही. चेन्नईत २०१८ पासून 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' हा बँड वस्त्यांतले गाना संगीत, रॅप आणि रॉक एकत्र करून जातीवर बोट ठेवतो, आणि त्यात बाबासाहेबांचे नाव गर्जते. प्रकार कुठून आला याला किंमत नाही. त्याच्या तोंडून कोण बोलते, याला किंमत आहे.

केंटकीचा कोळसा आणि आपला कोळसा

हा अल्बम आमच्या इतका जिव्हारी का लागला? कारण आम्ही चंद्रपूरचे. दीक्षाभूमी आणि कोळसा, दोन्ही एकाच शहरात. घुग्घुस, बल्लारपूर, पलीकडे वणी, सगळा पट्टा कोळशाचा. केंटकीत डोंगरमाथे सुरुंगाने उडवून खालचा कोळसा काढतात आणि ढिगारा दरीत लोटतात. आमच्याकडे उलटे चालते. सपाट शेतजमीन खोदतात आणि वर काढलेल्या मातीचे डोंगर उभे करतात. तिथे डोंगराचे मैदान झाले, इथे मैदानाचे डोंगर झाले. आमच्या वस्तीतली लहान मुले त्या मातीच्या ढिगाऱ्यांना खरेच डोंगर समजतात. उन्हाळ्यात अंगणात वाळत टाकलेला पांढरा सदरा संध्याकाळी करडा होतो. खोकला हा इथे आजार समजला जात नाही, वयाचा भाग समजला जातो.

आणि खाणकामगाराच्या प्रश्नाशी आपले नाते काही पोरांनी ऐकलेल्या अल्बमपासून सुरू होत नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसाखाणी पाहायला गेले, मजुरांची घरे पाहिली. १९४४ मध्ये कोळसाखाण कामगार कल्याण निधी उभा राहिला. आपल्यातल्या किती तरुणांना हे माहीत आहे? जयंतीच्या बॅनरवर कोट आणि पुस्तक दिसते. खाणकामगारांच्या चाळीत उभे असलेले बाबासाहेब दिसत नाहीत.

प्रश्न अर्धाच का आहे?

इथवर आम्ही या अल्बमचे कौतुक केले. आता आमचा आक्षेप.

'तू कुणाच्या बाजूचा?' हा प्रश्न जबरदस्त आहे, पण अर्धा आहे. तो धरून चालतो की बाजू दोनच आहेत, मालक आणि मजूर. आणि मजुराच्या बाजूत सगळे सारखे. तसे ते होते का? त्याच हार्लन परगण्यात लिंच नावाचे गाव आहे. १९१७ मध्ये यूएस स्टीलच्या उपकंपनीने ते वसवले आणि अलाबामासारख्या दक्षिणेकडच्या राज्यांतून कृष्णवर्णीय मजूर तिथे आणले. खाणीत गोरा आणि काळा एकाच कोळशाने माखायचे. वर आल्यावर काळ्यांची वस्ती वेगळी, शाळा वेगळी. अमेरिकेतल्या खाणकामगार युनियनने १८९० मध्ये स्थापनेच्या वेळीच वंशभेद न करण्याचे कलम घटनेत घातले होते, हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण कलम घटनेत असणे आणि अंगणात असणे यांतला फरक आपल्याइतका कुणाला ठाऊक असणार?

'केंटकी'त चेरोकींसाठी एक लांबलचक तुकडा आहे. याहू धबधब्याखाली चेरोकी बायकापोरांची कत्तल झाली, असे तिथली लोकपरंपरा सांगते. तिच्या ऐतिहासिक पुराव्यांबद्दल वाद आहे, पण मूळनिवासींना त्या भूमीवरून हुसकावले गेले, याबद्दल वाद नाही. गोऱ्या मजुराच्या गोष्टीआधी त्या जमिनीच्या मूळ माणसाची गोष्ट सांगणे हा लनचा प्रामाणिकपणा आहे. पण आठ तुकड्यांत लिंचच्या काळ्या मजुरासाठी स्वतंत्र गाणे नाही. महाकाव्य तिथे अपुरे पडले.

आम्ही हे खुसपट काढत नाही. हाच प्रश्न बाबासाहेबांनी मुंबईत विचारला होता. गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. तिथे मजुरी जास्त होती. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. मालकाविरुद्ध एकत्र, धाग्यापाशी वेगळे! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संपही केला. म्हणजे बाजू घ्यायला ते कचरले नाहीत. पण बाजू घेताना त्या बाजूच्या पोटात कोणती भिंत आहे, हे विचारायलाही ते विसरले नाहीत.

ज्यांना हा प्रश्न जुना वाटतो त्यांनी शाहीर विलास घोगरे आठवावेत. आयुष्यभर डाव्या चळवळीची गाणी गाणारा हा माणूस. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसे मारली गेली. त्यानंतर काहीच दिवसांनी विलास घोगरेंनी स्वतःचे आयुष्य संपवले, आणि जाताना कपाळाला निळी पट्टी बांधली. त्या निळ्या पट्टीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर 'तू कुणाच्या बाजूचा?' या एकाच ओळीत मिळत नाही. 'तुझ्या बाजूत मी आहे का?' हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे.

मग करायचे काय?

पुढच्या बैठकीत आम्ही गप्प बसलो नाही. आम्ही काकांना हे सगळे सांगितले. आवाजाचे समर्थन केले नाही, ते काकांना कधीच आवडणार नाही आणि आवडावे अशी सक्तीही नाही. फ्लॉरेन्स रीस आणि तिच्या कॅलेंडरची गोष्ट सांगितली. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या घरी पण असेच घुसले होते. नामांतराच्या वेळी." ही गोष्ट त्यांनी याआधी कधीच सांगितली नव्हती. आम्हीही कधी विचारली नव्हती.

तिथेच आम्हाला उत्तर मिळाले. लनच्या अल्बममध्ये खाणकामगारांच्या लढ्याच्या आठवणी सांगणारे खरेखुरे बोलण्याचे आवाज गाण्यात गुंफलेले आहेत. गिटारच्या गदारोळाआधी म्हातारा माणूस बोलतो. आपल्या पोरांनी नेमके हेच करायला हवे. आधी ऐकायचे, मग किंचाळायचे. ज्या आजीने खाणीवर टोपली वाहिली, ज्या आजोबांनी १९५६ साली आपल्या बापाच्या खांद्यावरून बाबासाहेब पाहिले, ज्यांची जमीन गेली आणि ज्यांच्याकडे जाण्यासारखी जमीनच नव्हती म्हणून ज्यांना मोबदलाही मिळाला नाही, त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा. भूमिहीनाचे नाव सातबाऱ्यावर नसते, म्हणून ते विस्थापितांच्या यादीतही नसते. निदान गाण्यात तरी असू द्या. यासाठी कंपनी लागत नाही, स्टुडिओ लागत नाही. एक मोबाईल आणि समोर बसण्याची तयारी लागते.

ठरले ते असे: पोरे १६ ऑक्टोबरला गाणार. पण गाण्याची सुरुवात काकांच्या आवाजाने होणार. काका माईकवर त्या रात्रीची गोष्ट सांगतील, आणि ते थांबतील तिथे ड्रम सुरू होतील. गाण्याच्या वेळी आपण मंडपाबाहेर जाऊन उभे राहू, असे काकांनी आधीच जाहीर केले आहे. चालेल. गोंगाटाच्या आधीचा शब्द त्यांचाच असेल.

मित्रांनो, तुमचे संगीत कोणतेही असो, रॅप, मेटल, गझल किंवा कव्वाली, त्याला दोन प्रश्न विचारा. तू कुणाच्या बाजूचा? आणि तुझ्या बाजूत कोण कोण आहे? दोन्हीची उत्तरे देता आली तर खुशाल किंचाळा. आम्ही पहिल्या रांगेत बसू.

जय भीम!